मुलांच्या पावलाप्रमाणे

(कुटुंबासाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती ३३:१-१४, २ शमुवेल १८:१९-३३, लूक १५:११-२४, योहान २०:१-१०, इब्री १२:१-३



आपल्या मराठी भाषेत 'दम' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. धावणाऱ्याला दम लागतो, म्हणजे त्याचा श्वास फुलतो. उतावळ्या माणसाला आपण 'जरा दम धर' असे सांगतो, म्हणजे त्याने धीर धरावा असे सुचवितो. श्वासाला जो शब्द, तोच धीराला. लांब पल्ल्याच्या धावण्याचे रहस्य ह्या दोन अर्थांत सामावलेले आहे. ज्याला दम धरता येतो त्याला दम लवकर लागत नाही.

कुटुंबाने मिळून लांबवर धावणे हा आजच्या पाठाचा विषय आहे. हा विषय आपल्या वाचनात सहसा येत नाही, तरी तो आता आपल्या दारापर्यंत आलेला आहे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २०१२ साली साताऱ्याच्या घाटात अर्धमॅरेथॉन सुरू झाली, आणि आज लहानमोठ्या शहरांतही पहाटे धावणारी माणसे दिसतात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ भाऊबहिणी आहेत. कोणी प्रकृतीसाठी धावतो, कोणी पदकासाठी. पती-पत्नी, पिता-पुत्र, माय-लेकी अशा जोड्याही दिसू लागल्या आहेत.

एकत्र धावल्याने कुटुंब जवळ येते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर सरसकट 'होय' असे देता येत नाही. एकाच घरातील दोघे एकाच रस्त्यावर धावले, आणि एक पुढे निघून गेला व दुसरा मागे राहिला, तर ते एकत्र धावले असे म्हणता येणार नाही. जवळीक केव्हा होते? जो वेगवान आहे तो आपला वेग सोडून देतो आणि जो हळू आहे त्याच्या पावलाशी पाऊल मिळवितो, तेव्हा होते. हे एकच सत्य आज आपण एका आधुनिक कुटुंबाच्या आणि काही शास्त्रभागांच्या आधारे तपासून पाहू.

१. 'आम्ही' नव्हे, 'आपण'

नव्या करारात धावण्याचे चित्र अनेकदा येते. करिंथकरांस लिहिताना (१ करिंथ. ९:२४) पौल शर्यतीच्या मैदानाची आठवण करून देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत असत, त्यामुळे हे चित्र त्या वाचकांच्या डोळ्यांपुढचे होते. त्या मैदानात धावणारे पुष्कळ, परंतु बक्षीस एकाला. तेथे शेजारचा धावपटू हा प्रतिस्पर्धी असतो.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी हेच चित्र वेगळ्या रीतीने येते. तेथील तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, धावेसाठी वापरलेला शब्द 'आगोन' हा आहे. ज्यात शक्तीचा कस लागतो अशी झुंज, असा त्याचा अर्थ. दुसरी, ही धाव ज्या गुणाने धावावयाची तो 'हुपोमोने' होय. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'मोने' म्हणजे राहणे. ओझे टाकून पळून न जाता त्याच्याखाली टिकून राहणे, म्हणजे आपल्या भाषेत दम धरणे.

तिसरी गोष्ट भाषांतर करणाराला अधिक विचार करावयास लावते. तेथील क्रियापद प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे. ग्रीक भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद नाही, दोहोंसाठी एकच रूप. मराठीत मात्र हा भेद फार मोठा आहे. 'आम्ही धावतो' असे म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण धावू' असे म्हटले की तो आत येतो. त्यामुळे ग्रीकमध्ये जेथे जेथे हे रूप येते तेथे तेथे मराठी भाषांतरकाराला थांबून निर्णय घ्यावा लागतो. इब्री १२ मध्ये संशयाला जागा नाही. लिहिणारा आणि वाचणारा एकाच धावेत आहेत, म्हणून तेथे 'आपण' हाच शब्द हवा. कुटुंबाच्या धावण्यालाही हाच शब्द हवा. वडील 'मी धावतो, तू ये मागून' असे म्हणतात तोवर ते करिंथच्या मैदानात आहेत. 'आपण धावू' असे ते म्हणू लागले की चित्र बदलते.

२. एक पिता, एक पुत्र आणि चाकांची खुर्ची

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील डिक हॉइट आणि त्यांचा मुलगा रिक ह्यांची हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल. तिचा तपशील ह्या पाठासाठी महत्त्वाचा आहे.

रिकचा जन्म जानेवारी १९६२ मध्ये झाला. जन्माच्या वेळी नाळ गळ्याभोवती आवळली गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला हातपाय हलविणे व बोलणे अशक्य झाले. मूल संस्थेत ठेवावे असा सल्ला आईवडिलांना मिळाला. डिक आणि त्यांची पत्नी ज्युडी ह्यांनी तो मानला नाही. मुलाचे डोळे आपला पाठपुरावा करतात, त्याला सारे समजते, हे त्यांनी ओळखले होते. ज्युडीने त्याला अक्षरे शिकविली आणि शाळेने त्याला प्रवेश द्यावा म्हणून वर्षानुवर्षे झगडा केला. टफ्ट्स विद्यापीठातील अभियंत्यांनी त्याच्यासाठी एक यंत्र तयार केले. डोक्याच्या हालचालीने एकेक अक्षर निवडून तो त्यावर शब्द बनवू लागला. आईवडील त्याच्या पहिल्या शब्दांची वाट पाहत होते. मुलाने प्रथम काय लिहिले? आपल्या आवडत्या आइस हॉकी संघाच्या जयजयकाराचे शब्द! इतकी वर्षे तो घरच्या सर्वांबरोबर बसून सामने मनापासून पाहत होता, हे त्या दिवशी कळले.

१९७७ साली रिक पंधरा वर्षांचा होता. अपघाताने पंगू झालेल्या एका खेळाडूसाठी पाच मैलांची, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरची मदतफेरी निघणार होती. रिकने वडिलांना सांगितले की मला तीत भाग घ्यावयाचा आहे. डिक तेव्हा काही धावपटू नव्हते. तरी त्यांनी मुलाला चाकांच्या खुर्चीत बसविले आणि ती खुर्ची ढकलीत सर्व अंतर पुरे केले. शेवटून दुसरा क्रमांक आला. घरी आल्यावर रिकने यंत्रावर वडिलांना कळविले की, धावत असताना मला अपंगत्व जाणवतच नाही.

त्या एका वाक्याने पित्याचे पुढील आयुष्य ठरविले. ही जोडी एक हजाराहून अधिक शर्यती धावली. त्यांत बोस्टन मॅरेथॉन ३२ वेळा होती. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९९२ साली एका मॅरेथॉनमध्ये खुर्ची ढकलीत त्यांनी हे अंतर २ तास ४० मिनिटे ४७ सेकंदांत पुरे केले. त्याच वर्षी ते धावत आणि सायकलीवरून अमेरिका देश पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत ओलांडून गेले. सुमारे ६,००० किलोमीटरचा तो प्रवास ४५ दिवसांत झाला. ज्याने एका खोलीत आयुष्य काढावे असे सांगितले गेले होते, त्याने आपला देश वाऱ्यापावसासह पाहिला, तोही वडिलांच्या पावलांनी. पुढे १९९३ साली रिकने बोस्टन विद्यापीठाची पदवी घेतली. २०१४ साली दोघे शेवटचे एकत्र बोस्टनला धावले. डिक मार्च २०२१ मध्ये ८० व्या वर्षी वारले. रिक मे २०२३ मध्ये ६१ व्या वर्षी.

ही हकिकत सांगताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी की, धावण्याची इच्छा मुलाने व्यक्त केली होती, पित्याने ती लादली नव्हती. दुसरी अशी की, डिक आणि ज्युडी हे पुढे विभक्त झाले. धावणे हा काही मंत्र नव्हे. घरातील प्रत्येक दुखणे त्याने बरे होते असे सांगणे खरेपणाला धरून होणार नाही. परंतु जे बोलू शकत नाही अशा मुलाचे मन पित्याला कळण्यासाठी ते एक साधन ठरले, एवढे मात्र खरे.

३. बोलता येईल अशी चाल

धावणे आणि बोलणे ह्या दोन गोष्टींचा संबंध शरीराच्या रचनेतच आहे. माणूस हळू धावतो तेव्हा स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरेसा मिळत राहतो. म्हणून तो पुरी वाक्ये बोलू शकतो आणि ही चाल पुष्कळ वेळ टिकवू शकतो. वेग वाढला की प्रथम वाक्ये तुटतात, मग दोन-दोन शब्द उरतात, आणि शेवटी केवळ हुंकार. अनुभवी धावपटू हीच कसोटी वापरतात. सोबत्याशी बोलता येत असेल तर चाल बरोबर. बोलणे थांबले तर चाल फार झाली. लांब पल्ल्याच्या तयारीतील बहुतेक धावणे अशा बोलत्या चालीनेच करावे, असे जाणकार सांगतात.

म्हणजे जी चाल शरीराला हितकर, तीच संभाषणालाही हितकर आहे. आणखी एक गोष्ट आहे. समोरासमोर बसून बोलताना नजरेला नजर भिडते, आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींना ती पुष्कळदा चौकशीसारखी वाटते. शेजारी धावताना दोघांची नजर रस्त्यावर असते. मध्ये शांतता आली तरी ती अवघडत नाही. पावलांचा आवाज ती भरून काढतो. तासभर कोणी उठून जाऊ शकत नाही, दूरदर्शन नाही, दूरध्वनी खिशात असतो.

पन्नाशी ओलांडल्यानंतर मी माझ्या मुलीबरोबर अशा चालीने धावू लागलो. पहिले दोन किलोमीटर आमचे बोलणे हवा, रस्ता आणि बूट ह्यांपलीकडे जात नसे. चौथ्या किलोमीटरच्या पुढे ती जे बोले ते घरात मी कधी ऐकले नव्हते. तिच्या नोकरीतील भीती, लग्नाविषयी तिचे प्रश्न, आजी गेल्यानंतर तिला आलेले एकाकीपण, हे सारे मला त्या रस्त्यावर कळले. मी उत्तरे फार थोडी दिली. श्वास जपून वापरावा लागत असल्यामुळे उपदेश आपोआप कमी होतो, हाही ह्या चालीचा एक लाभच आहे.

४. याकोबाने निवडलेली चाल

आता उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायाकडे वळू. वीस वर्षांनंतर दोन भाऊ भेटत आहेत. ज्याला फसविले तो एसाव चारशे माणसे घेऊन येत आहे, आणि ज्याने फसविले तो याकोब भीतीने सात वेळा भूमीपर्यंत लवतो. तेव्हा जे घडते ते ध्यानात घ्या. एसाव धावतो. तो धावत जाऊन भावाला मिठी मारतो, त्याचे चुंबन घेतो, आणि दोघे रडतात. आपल्या भाषेत 'धावून येणे' ह्याचा अर्थ साहाय्याला येणे असाही आहे, आणि संकटात देवाला हाक मारणे ह्याला आपण 'धावा करणे' म्हणतो. येशूने सांगितलेल्या दाखल्यातील पिता दूर असलेल्या पुत्राला पाहून धावत सुटतो (लूक १५:२०), तेथेही हेच दृश्य पुन्हा येते: धावणे, गळ्यात पडणे, चुंबन. त्या काळी वयस्कर, प्रतिष्ठित मनुष्याने अंगरखा सावरीत धावणे शोभत नसे, असे भाष्यकार दाखवून देतात. पित्याने शोभेचा विचार केला नाही.

धावणारा नेहमी तरुण आणि चपळ असतो असे नाही, हे ह्या दोन कथा दाखवितात. ज्याला अंतर कमी करावयाचे आहे तो धावतो.

परंतु एसावाच्या धावण्यानंतर लगेच दुसरे चित्र येते. एसाव म्हणतो, चल, आपण बरोबर जाऊ. याकोब उत्तर देतो की मुले सुकुमार आहेत, दूध पिणारी कोकरे व वासरे आहेत, त्यांना एक दिवसही फार हाकलले तर सारा कळप मरेल. मी आपला सावकाश येईन. तो ज्या चालीने येणार ती सांगताना मूळ इब्री भाषेत 'रेगेल', म्हणजे पाऊल, हा शब्द येतो. कळपाच्या पावलाप्रमाणे आणि मुलांच्या पावलाप्रमाणे, असा त्याचा शब्दशः अर्थ. 'हळूहळू नेणे' ह्यासाठी तेथे जो धातू आहे, तोच तेविसाव्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात मेंढपाळ कळपाला पाण्याजवळ नेतो तेथे वापरला आहे.

याकोबाच्या ह्या उत्तरात भावाची भीतीही होती, आणि सेईरला न जाता तो सुक्कोथला गेला, हे अभ्यासकांनी नाकारू नये. तथापि त्याने सांगितलेले कारण खोटे नव्हते. आदल्याच रात्री त्याचा मांडीचा सांधा उखळला होता आणि तो लंगडत होता (उत्पत्ती ३२:३१). जो स्वतः लंगडतो त्याला लहान पावलांची किंमत कळते. जोमदार पित्याने हे आधीच शिकून ठेवावे. आज मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणून पित्याने हळू धावावे. पुढे मुलगा वीस वर्षांचा होईल आणि पित्याचे गुडघे दुखू लागतील; तेव्हा मुलाने हळू धावावे. ज्याने पहिले पाहिले असेल त्याला दुसरे करावयास सांगावे लागणार नाही.

ह्याला जोडून योहान २० मधील दोन शिष्य पाहावेत. कबरेकडे ते दोघे 'होमू', म्हणजे बरोबर, धावू लागले. दुसरा शिष्य पेत्राहून वेगाने पुढे गेला आणि प्रथम पोहोचला. परंतु तो आत गेला नाही. त्याने ओणवून पाहिले आणि पेत्र येईपर्यंत तो बाहेर राहिला. पुढे गेल्यावर थांबणे, हेही सोबतीने धावण्यातच येते.

५. वाट ओळखणारा

कुटुंबाने धावण्याचा दुसरा लाभ म्हणजे आपण राहतो ती भूमी कळते. २ शमुवेलाच्या अठराव्या अध्यायात अहीमास आणि कूशी हे दोन निरोपे आहेत. कूशी आधी निघाला, अहीमास मागून. तरी अहीमास सपाटीच्या वाटेने धावला आणि कूशीच्या पुढे गेला. त्याला केवळ पायांचे नव्हे, वाटेचेही ज्ञान होते.

गाडीतून जाताना आपल्याला रस्ता दिसतो; धावताना चढ पोटऱ्यांना कळतो, ओढ्याचा गारवा अंगाला लागतो, कोणत्या वळणावर पावाच्या भट्टीचा वास येतो हे मुलांच्या ध्यानात राहते. आपले वाचक देशभर विखुरलेले आहेत, आणि परगावी राहणाऱ्या मुलांना आपले गाव कोणते हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर पायांनी शोधता येते. वडोदऱ्याच्या वाचकाने मुलांना घेऊन सयाजीबागेत धावावे आणि १८७९ साली सयाजीराव गायकवाडांनी ही बाग प्रजेला दिली, हे सांगावे. हैदराबादच्या वाचकाने सोळाव्या शतकात बांधलेल्या हुसेनसागराच्या काठाने जावे. वसईच्या वाचकाने किल्ल्यातील जुन्या चर्चच्या भिंतींजवळून धावताना १७३९ सालच्या वेढ्याची हकिकत सांगावी. बंगालात असलेल्या मराठी कुटुंबाने एखाद्या हिवाळी सकाळी श्रीरामपूरला हुगळीच्या काठाने धावावे; विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी नवा करार १८११ साली तेथेच छापला. दूरवरच्या त्या नदीकाठी आपल्या भाषेचा इतिहास उभा आहे, हे मुलांना पुस्तकातून कळते त्याहून अशा वेळी अधिक कळेल.

सुट्टीत आजोळी गेल्यावर तर हे अवश्य करावे. आजोबा ज्या वाटेने शाळेत चालत जात, ती वाट नातवंडांनी धावून पाहावी. आजोबा बैलगाडीतून किंवा दुचाकीवरून सोबत आले तरी हरकत नाही. किती किलोमीटर भरतात ते मोजावे. 'आम्ही रोज इतके चालत होतो' हे वाक्य मुलांनी शंभर वेळा ऐकलेले असते. त्याचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळेल.

६. दावीदाचा प्रश्न

अहीमासाच्या कथेत आणखी एक ओळ आहे, आणि ती मला फार अस्वस्थ करते. वेशीवरच्या पहारेकऱ्याने दुरून धावणाऱ्याला पाहिले. चेहरा दिसत नव्हता. तरी त्याने सांगितले की ह्याचे धावणे सादोकाच्या पुत्राच्या धावण्यासारखे आहे. पहारेकरी अहीमासाला त्याच्या चालीवरून ओळखत होता.

खाली दावीद राजा बसला होता. त्याचा एकच प्रश्न होता: तरुण अबशालोम सुखरूप आहे ना? आपल्या पुत्राचे वर्तमान तो दुसऱ्यांच्या पायांनी मिळवीत होता. मागील अध्याय पाहिले तर असे दिसते की अबशालोम तीन वर्षे गशूरात होता, आणि यरुशलेमेत परत आल्यावरही दोन वर्षे राजाने त्याला तोंड दाखवू दिले नाही (२ शमुवेल १३:३८, १४:२८). पाच वर्षे पिता-पुत्र एकमेकांना भेटले नाहीत. पुढे भेट झाली, चुंबनही झाले, परंतु दोघांत काही बोलणे झाल्याचे तेथे लिहिलेले नाही. आणि आता पहिला निरोप्या धापा टाकीत आला, तरी पुत्राविषयी काही सांगू शकला नाही. राजाने त्याला बाजूला उभे राहावयास सांगितले. दुसऱ्याने सांगितले तेव्हा राजा वेशीवरच्या खोलीत जाऊन रडला.

वाचकहो, आपल्या मुलाची चाल आपण दुरून ओळखू काय? तो थकला की त्याचा कोणता खांदा खाली येतो, चढावर तो श्वास कसा घेतो, मनात काही खुपत असले म्हणजे त्याचे पाऊल कसे जड पडते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? हे ज्ञान प्रगतिपुस्तकातून मिळत नाही. त्यासाठी पुष्कळ वेळ शेजारी असावे लागते. दावीदापाशी वेगवान निरोपे होते, राज्य होते, आणि पुत्रावर त्याचे मनापासून प्रेमही होते. सोबतीची वर्षे मात्र निघून गेली होती.

७. आरंभ कसा करावा

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी काही सूचना.

चालण्यापासून आरंभ करावा. एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस. ह्यात लाज मानू नये. अंतर आठवड्यागणिक थोडेथोडेच वाढवावे. चाळिशीपुढील व्यक्तींनी, तसेच हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी किंवा त्याच सुमारास धावावे आणि पाणी सोबत असावे. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकामागे एक धावावे. गप्पांसाठी बाग, मैदान किंवा वाहने नसलेली वाट निवडावी.

चाल सर्वांत हळू असणाऱ्याने ठरवावी. त्याला पुढे ठेवावे, मागे नव्हे. मुलांना अंतराची सक्ती करू नये. पूर्ण मॅरेथॉनसाठी बहुतेक आयोजक १८ वर्षे वयाची अट घालतात, आणि ती योग्यच आहे. मुंबई मॅरेथॉनमधील ड्रीम रनसारख्या सुमारे सहा किलोमीटरच्या फेऱ्या कुटुंबाला पुरेशा आहेत.

घरातील मातेचा विचार आधी करावा. वडील आणि मुले पहाटे धावावयास जातात, आणि त्यांच्या परतण्याच्या वेळी नाश्ता तयार असावा म्हणून आई स्वयंपाकघरात राबते, असे होत असेल तर ती कुटुंबाची धाव नव्हे. कामे रात्रीच वाटून घ्यावीत, म्हणजे तिलाही बाहेर पडता येईल. तिला धावणे नको असेल तर तिला जे हवे ते विचारावे.

बहुतेक शर्यती रविवारी सकाळी असतात, म्हणजे नेमक्या उपासनेच्या वेळी. ह्याविषयी प्रत्येक घराने एकत्र बसून, प्रार्थनापूर्वक निर्णय घ्यावा. परंतु रोजचे धावणे शनिवारी किंवा इतर दिवशी ठेवण्यास काहीच अडचण नाही, आणि कुटुंब जवळ येते ते ह्या रोजच्या धावण्यात.

ज्यांना धावता येत नाही त्यांना वगळू नये. कोणी सायकलीवरून येईल, कोणाची खुर्ची ढकलता येईल, कोणी वाटेत पाणी घेऊन उभे राहील. अशा माणसांना धरूनच आपल्या घराचे 'आपण' पुरे होते.

विचारासाठी व कौटुंबिक चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात चाल कोण ठरवितो? सर्वांत वेगवान व्यक्ती की सर्वांत हळू?

२. एसाव आणि दाखल्यातील पिता कशासाठी धावले? आपल्या नात्यात असे कोणते अंतर आहे की जे आपण धावत जाऊन कमी करावे?

३. योहान २० मधील शिष्य आधी पोहोचूनही का थांबला असावा? आपण कोणासाठी थांबलो आहोत?

४. आपल्या गावातील किंवा शहरातील अशी एक वाट निवडा की जी घरातील कोणीही पायी गेलेले नाही. ती केव्हा पाहावयाची, तो दिवस आजच ठरवा आणि ठरविण्याचे काम सर्वांत लहानाकडे द्या.